झडलेली पिसं

मेहमुदा तासाभरात हजार पिल्लांना लस टोचते. डाव्या हातानं खोक्यातलं पिल्लू उचलायचं, चिमटीत मानेमागची कातडी जरा वर घ्यायची, सुई तिच्याखाली सरकवायची, खटका दाबायचा आणि पिल्लू पलीकडच्या खोक्यात सोडायचं. पिल्लाला कळायच्या आत सगळं उरकलेलं असतं. लशीत निळा रंग मिसळतात. पिवळ्या लवेखाली निळा ठिपका दिसला म्हणजे लस आत गेली. हॅचरीचे मालक हंबीरराव अधूनमधून दहा-वीस पिल्लं उलटीपालटी करून ठिपके तपासतात. मेहमुदाची पिल्लं तपासणं त्यांनी फार वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं.

ही हॅचरी कोल्हापुराबाहेर रत्नागिरी रस्त्यावर, पन्हाळ्याच्या पायथ्याला आहे. मेहमुदा राहते मंगळवार पेठेत. तिथल्याच एका शिंप्याच्या दुकानात तिनं अकरा वर्षं काजं-बटणं केली. पुढं लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि ते दुकान बंद पडलं. नवरा निसार रिक्षांची हुडं शिवायचा, अजूनही शिवतो. त्याच्याच एका गिऱ्हाइकानं सांगितलं की हॅचरीत बायका पाहिजेत. पहिल्या दिवशी मेहमुदा सुई हातात धरून नुसतीच उभी राहिली. एवढ्याशा जिवाला टोचायचं कसं? हंबीरराव म्हणाले, "भाभी, सदऱ्याला काजं करत होता तसंच करायचं. फकस्त ह्यो सदरा वळवळतोय." ती हसली आणि कामाला लागली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

ही लस मरेक्स नावाच्या रोगावरची आहे. त्याचा विषाणू कोंबडीच्या पिसांच्या मुळाशी वाढतो, कोंड्यातून हवेत उडतो आणि श्वासावाटे दुसऱ्या कोंबडीच्या अंगात जातो. मग काळजावर, मूत्रपिंडावर गाठी येतात. पायाच्या शिरा सुजतात आणि कोंबडी एक पाय पुढं, एक पाय मागं टाकून पडून राहते. त्याच्यावर औषध नाही. पिल्लू एक दिवसाचं असताना लस टोचायची आणि ती अंगात मुरेपर्यंत पिल्लाला जुन्या कोंबड्यांपासून लांब ठेवायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं.

लस मोठी नाजूक. काचेच्या कुपीत, नायट्रोजनच्या धुरकट गारव्यात ती ठेवतात. कुपी काढून कोमट पाण्यात धरायची, पातळ झाली की पिशवीतल्या पाण्यात मिसळायची आणि तासाभरात संपवायची. तासानंतर उरेल ती फेकून द्यायची. हा नियम मेहमुदानं किती जणींना शिकवला असेल, तिलाच आठवत नाही.

तो नियम तिनं एकदाच मोडला. एकोणीस जानेवारीला.

त्या दिवशी मलकापूरजवळ पोल्ट्री चालवणाऱ्या धोंडुबाईची आठशे पिल्लं शेवटाला होती. पिशवी अर्धी संपली असेल नसेल, तोवर इचलकरंजीहून जावयाचा, मोहसीनचा फोन आला. लेकीला, फरहीनला दवाखान्यात नेलं होतं, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. आत फोनला रेंज नाही म्हणून मेहमुदा बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. मग पुन्हा. शेवटच्या फोनवर मोहसीननं सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मेहमुदा मटकन पायरीवर बसली आणि तिला रडूच कोसळलं.

आत आली तेव्हा पिशवीला दीड तास होऊन गेला होता. तीनेकशे पिल्लं राहिली होती. टेम्पो दारात उभा होता. नवी कुपी काढायची, गरम करायची, मिसळायची. तिनं पिशवीकडं बघितलं, पिल्लांकडं बघितलं आणि राहिलेली तीनशे त्याच लशीवर उरकली. ठिपके निळे उमटले. लस जिवंत आहे की मेली, ते काही ठिपक्यावरून कळत नाही.

नातीचं नाव अर्शी ठेवलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धोंडुबाई हॅचरीच्या दारात येऊन उभी राहिली. साठीतली बाई, आवाज खणखणीत. काखेत एक कोंबडी.

"कुटं हायत हंबीरराव? भाईर बोलवा! ह्येंची पिल्लं बघा कशी नाचाय लागल्यात!"

तिनं कोंबडी जमिनीवर ठेवली. एक पाय पुढं, एक मागं. कोंबडीनं उठायची खटपट केली आणि पंख पसरून कलंडली.

हंबीरराव बाहेर आले. "मावशी, आधी पाणी घ्या."

"पाणी नगं मला. आठशातली शंभर गेली. रोज पाच-सात पडाय लागल्यात. लस दिलीया म्हंतासा, का नुसतं निळं पाणी टोचलंय?"

"लस एक नंबर हाय. तुमच्या शेडातच घाण आसंल."

"माझ्या शेडात? माझ्या शेडात येऊन जेवायला बसा, पावणं, जेवायला!"

मेहमुदा आतल्या खिडकीतून त्या कोंबडीकडं बघत होती. ती अकरा आठवड्यांची आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आदल्याच दिवशी अर्शी अकरा आठवड्यांची झाली म्हणून फरहीननं फोटो पाठवला होता.

हंबीररावांना आपल्या हॅचरीच्या नावाची काळजी होती. जिल्ह्यात या विषाणूचा अभ्यास करणारी वर्षाराणी नावाची एक तरुण पशुवैद्य फिरत होती. निरनिराळ्या पोल्ट्र्यांतून आजारी कोंबड्यांची पिसं जमवायची आणि त्यांतल्या विषाणूची जनुकं वाचायची, असं तिचं काम. हंबीररावांनी तिला बोलावून घेतलं. लस निर्दोष आहे हे एकदा कागदावर आलं की धोंडुबाईचं तोंड बंद होईल, असा त्यांचा हिशेब. कोंबड्या धरायला म्हणून त्यांनी मेहमुदालाही जीपमध्ये घेतलं.

वाटेत वर्षाराणीनं समजावून सांगितलं. लशीतला विषाणू वेगळा, तो टर्की पक्ष्याचा, निरुपद्रवी. रोगाचा वेगळा. पिसाच्या बुडाशी दोन्ही सापडू शकतात. "म्हणजे लस अंगात रुजली का नाही, तेही कळतं. आणि रोगाच्या विषाणूत एक जनुक असतं, गाठी त्याच्यामुळं होतात. त्याची अक्षरं मी ओळीनं वाचते. कुठल्या गावचा विषाणू कुठल्या गावच्या विषाणूचा सख्खा, कुठला चुलत, ते त्याच्यावरनं ठरतं."

"बघा भाभी," हंबीरराव खुशीत म्हणाले, "आता काय लपून राहत न्हाय."

मेहमुदानं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. लस रुजली का नाही, तेही कळतं. मग कळू दे. पण कळायच्या आधी आपण बोलायचं की नाही? बोललं तर एकोणीस वर्षांचं नाव जाणार, कामही जाणार. नाही बोललं तर कदाचित काहीच होणार नाही, ती तीनशे सापडायचीही नाहीत. मलकापूर येईपर्यंत तिच्या मनात हेच चाललं होतं.

धोंडुबाईचं शेड खरोखर स्वच्छ होतं. चारी बाजूंनी दुहेरी जाळी, कारण त्या भागात बिबट्या फिरतो. मेहमुदा एकेक कोंबडी धरत होती, वर्षाराणी पंखाखालची पिसं उपटून बाटलीत टाकत होती. वीस कोंबड्या झाल्या. वर्षाराणीनं मान वर केली तर आढ्यावर एक तांबडा, झुपकेदार शेपटीचा कोंबडा बसलेला.

"हा कुठला? हा तुमच्या पिल्लांतला नाही."

धोंडुबाईनं आधी वर कोंबड्याकडं बघितलं. मग म्हणाली, "त्यो देवाचा हाय."

उलगडा हळूहळू झाला. गावात यात्रेला नवसाचे कोंबडे देतात. ते पौषापासून राखायचे असतात. पण बिबट्या आणि मुंगूस काही ठेवू देत नाहीत. जाळीचं पक्कं शेड गावात एकच. म्हणून लोक आपापले कोंबडे धोंडुबाईकडं आणून सोडतात. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? यंदा सात होते. सहा यात्रेत गेले. हा सातवा केरबाचा. केरबा पुण्याला नोकरीला, त्याला रजा मिळाली नाही, म्हणून नवस राहिला.

"पिल्लं आली तेव्हा हे सातजण इथंच होते?" वर्षाराणीनं विचारलं.

"कोपऱ्यात हुते. मधे पोतं बांधलं हुतं."

"याची दोन पिसं पाहिजेत मला."

"न्हाय." धोंडुबाई आडवी झाली. "नवसाच्या कोंबड्याचं पीस उपटत न्हाईत. त्यो जसा दिला तसा देवाला जातोय. केरबाला मी काय सांगू?"

हंबीररावांना जोर चढला. "आत्ता कसं! आमच्या लशीला नावं ठिवताय आणि हितं बाजारचं कोंबडं पाळताय! मॅडम, लिवा. चूक कुणाची ते लिवा."

धोंडुबाईचा चेहरा उतरला.  पदर हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली.

तेव्हा मेहमुदा बोलली. 

"मॅडम, माझंबी लिहा. ह्यातल्या तीनशे पिल्लांची लस दीड तासावर गेलती. मला फेकायला पायजे हुती. मी फेकली नाही. पोरीच्या बाळंतपणाचा फोन आलता. ह्या दादांना ह्यातलं काय माहीत नाही."

वर्षाराणीनं तेही लिहून घेतलं.

"भाभी?" हंबीरराव एवढंच म्हणाले.

धोंडुबाई मात्र उसळली. "म्हंजी तू! तू मारलीस व्हय माझी कोंबडी! आणि मगापास्नं त्येंच्या पाठीवरनं हात फिरवतीयास! जा तिकडं, भाईर हो आदी!"

मेहमुदा बाहेर जाऊन जीपमध्ये बसली.

परतताना पन्हाळ्याचा फाटा आला. मग हंबीरराव म्हणाले, "त्या दिवशी मला हाक मारायची की. मी उभा राहिलो असतो टोचायला. येत न्हाय मला, पर उभा राहिलो असतो." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "निकाल लागंपतोर सुईला हात लावू नका. ट्रे धुवायला बसा. ती नवी पोरगी, क्रांती, टोचंल."

घरी निसार मशीनवर होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं पाय थांबवला, हुडाचं रेक्झिन बाजूला सारलं आणि म्हणाला, "बोल दिया ना? मग झालं. चल, खाना खा ले." त्याला लांबण लावता येत नाही. पण त्या दिवशी ताट त्यानं वाढलं.

ट्रे धुताना पाण्यात हात पांढरे पडतात. क्रांती गुणी पोरगी, तिनं एकदाही टोमणा मारला नाही, उलट अडलं की हळूच येऊन विचारायची, "खाला, कातडी सुटतीया, कशी धरू?" मेहमुदा ओल्या हातानं दाखवायची, पण सुईला शिवायची नाही.

चौथ्या दिवशी दुपारी धोंडुबाई एसटीनं आली. हंबीररावांकडं न जाता ती मागं पाण्याच्या हौदाशी गेली. मेहमुदा उठून उभी राहिली.

"बस, बस. भांडायला न्हाय आले." धोंडुबाई हौदाच्या कट्ट्यावर टेकली. पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली, उलगडली. आत चार-पाच तांबडी पिसं.

"केरबाच्या कोंबड्याची. उपटलेली न्हाईत. झडलेली हायत. तीन दिस त्येच्या मागनं फिरती हाय. ह्ये चालत आसंल तर तुझ्या मॅडमला दे."

मेहमुदा बघतच राहिली. "मावशी, तुम्ही कशाला..."

"कशाला म्हंजी? तू सांगितलंस की आपलं. तुझ्यावर समदं ढकलून मी मोकळी झाले असते. हंबीरराव पिल्लं फुकाटबी देतील. पर मला ठावं हाय की, मधलं पोतं वाऱ्यानं दोन येळा पडलं हुतं. मी कुणाला सांगितलं न्हाय." मग तिनं विचारलं, "नात कशी हाय तुझी?"

"बरी आहे. मान धरायला लागली."

"आगं, मग मोबाईलात फोटू बिटू आसंल की. दाखीव."

वर्षाराणीला फोन केला. ती म्हणाली, झडलेल्या पिसाला चिकटलेला कोंडाही चालेल, प्लास्टिकमध्ये न ठेवता कागदातच राहू द्या.

निकाल जूनमध्ये आला. वर्षाराणी स्वतः आली, धोंडुबाईलाही बोलावून घेतलं. हंबीररावांच्या खोलीत चौघं बसले. मेहमुदा दाराजवळच्या स्टुलावर.

"वीस कोंबड्यांपैकी सतरांच्या पिसांत लशीचा विषाणू मिळाला," वर्षाराणी म्हणाली. "म्हणजे बहुतेकांत लस रुजली होती. तिघींत नाही मिळाला. त्या तिघी उशिराच्या लशीच्या असतील, नसतील, ते सांगता येत नाही. मला सांगता येत नाही ते मी सांगणार नाही."

मेहमुदानं मान खाली घातली. तिला याहून जास्त काही ऐकायचंही नव्हतं.

"आता रोगाचा विषाणू. तो लस रुजलेल्यांतही होता आणि कोंबड्याच्या झडलेल्या पिसांतही होता. दोघांची अक्षरं पडताळली. गाठी करणाऱ्या जनुकात जे बदल कोंबड्यात, तेच यांच्यात, त्याच जागी. इतर गावांतला एकही नमुना याच्याशी इतका जुळत नाही."

धोंडुबाईला ते नीट समजलं नाही. मेहमुदा पहिल्यांदाच बोलली. "मावशी, एका शिंप्यानं दोन सदरे शिवले तर टाका बघून ओळखता येतं. तसं आहे ते."

"अगदी तसंच," वर्षाराणी म्हणाली. "कोंबडा स्वतः ठणठणीत असतो आणि विषाणू उडवत राहतो. पिल्लं पहिल्याच आठवड्यात त्याच्या शेजारी आली. लस मुरायला वेळच मिळाला नाही. ताजी लस असती तरी यातल्या बऱ्याच पडल्या असत्या. सगळ्या नाही, बऱ्याच." तिनं मेहमुदाकडं बघून ते शेवटचे शब्द सावकाश म्हटले. "शेड रिकामं करून धुवा, महिनाभर तसंच मोकळं ठेवा. पिल्लं आणि नवसाचे कोंबडे एका छपराखाली नकोत."

"कोंबडं न्हाई म्हणायचं देवाला?"

"देवाला नाही म्हणू नका. त्यांना दुसरं घर बांधा."

धोंडुबाईनं विचार केला. "गाव बांधंल. गावाचं कोंबडं, गावानं बांधावं की. मी काय एकटीनं पुण्य घ्यायचा मक्ता घेतलाय?"

हंबीरराव हसले. मेहमुदा मात्र ट्रेवरच राहिली; सुई तिनं मागितली नाही आणि त्यांनीही दिली नाही.

गावानं खरंच बांधलं. देवळामागं, जाळीचं, छोटंसं. केरबा सुट्टीला आला तेव्हा त्यानंही दोन दिवस खपून त्याला दार बसवलं आणि आपला नवस फेडून गेला.

ऑगस्टात धोंडुबाईनं पुन्हा आठशे पिल्लं सांगितली. न्यायला ती सकाळीच हजर. टोचायच्या खोलीच्या दारात उभी राहून तिनं आत बघितलं. टेबलापाशी क्रांती.

"ही कोण?"

"क्रांती," हंबीरराव म्हणाले. "तयार झालीया आता. हात चांगला हाय."

"मेहमुदा कुटं हाय?"

"ती ट्रेवर हाय."

"तिला बोलवा. माझी पिल्लं ती टोचंल."

"मावशी, तुमीच म्हणाला हुता की तिनं..."

"व्हय, म्हटलं हुतं. ह्या पोरीनं अजून काय चुकवलं न्हाय, तवा हिला भ्या म्हंजी काय ते ठावं न्हाय. तिला ठावं हाय. बोलवा तिला."

मेहमुदा हात पुसत आली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. "नको मावशी. क्रांती करंल. माझा हात थरथरतोय."

"थरथरू दे की. थरथरायचा थांबंपतोर मी बसते हितं." धोंडुबाईनं खरोखर खुर्ची ओढून घेतली.

हंबीररावांनी नवी कुपी काढली. मेहमुदानं हात साबणानं दोनदा धुतले आणि टेबलाशी बसली. पहिलं पिल्लू हातातून निसटलं. दुसऱ्याच्या वेळी सुई आरपार गेली, लस बाहेर सांडली. क्रांतीनं ते पिल्लू न बोलता बाजूला ठेवलं. तिसरं जमलं. मग चौथं. विसाव्या-पंचविसाव्या पिल्लानंतर हात पूर्वीसारखा चालू लागला. मोजमाप न करता, बघता बघता. धोंडुबाई तिला सासरच्या भानगडी सांगत बसली, मेहमुदा हूं हूं करत राहिली. अर्ध्या तासानं एकदा तिनंच हंबीररावांना हाक मारली, "दादा, घड्याळाकडं लक्ष ठेवा. मी वर बघणार नाही." हंबीरराव हातातला चहा तसाच ठेवून घड्याळाखाली जाऊन उभे राहिले.

डिसेंबरात धोंडुबाई आली तेव्हा आवाज तोच होता, पण भांडण नव्हतं. आठशांतली सोळा गेली होती. त्यांतल्या तीन पाय ताणून पडलेल्या. बाकीच्यांचे तुरे लाल झाले होते, काही अंड्यावर आल्या होत्या. वर्षाराणी पुन्हा पिसं घेऊन गेली होती, या वेळी धडधाकट कोंबड्यांची. तीही अक्षरं वाचायची आहेत म्हणे, लस कुठं कमी पडते ते बघायला.

"आणि एक काम हाय," धोंडुबाई म्हणाली. "आमच्या भागातल्या बारा-तेरा बायका पिल्लं घ्यायची म्हंत्यात. रविवारी शाळंत जमणार हायत. मॅडम येणार हायत. पर मॅडमचं त्यास्नी निम्मं कळायचं न्हाय. तू ये."

"मी?" मेहमुदा घाबरलीच. "चार माणसांत मला बोलायला येत नाही मावशी. आणि मी काय सांगू? माझीच चूक..."

"तीच सांगायची. मी माजी सांगणार हाय. पोत्याची."

मेहमुदानं हंबीररावांकडं बघितलं. ते अंड्यांच्या ट्रेवर वाकून काहीतरी शोधत असल्यासारखं करत होते. वर न बघताच म्हणाले, "रविवारी हितं काय काम नसतंय."

मेहमुदानं हात पुसले. ओढणी नीट केली.

"मलकापूरची पहिली गाडी कितीला सुटते?" तिनं विचारलं.